कढीपत्त्याचा हिवाळा

आमच्या घरातला पहिला कढीपत्ता थंडीने मेला नाही, मी मारला. शिकागोजवळच्या उपनगरातला आमचा तो पहिलाच हिवाळा. जानेवारीत त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. मी घाबरून रोज पाणी घातले, वर खतही दिले. फेब्रुवारीअखेर कुंडी उपटली तर मुळे कुजून काळी झालेली. मंडळातल्या एका काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तो झोपला होता. झोपलेल्याला कुणी जेवू घालतं का?"

तेव्हापासून मी त्यांच्या या एका वाक्यावर बाग सांभाळते आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी वर्षाचा क्रम देते.

सप्टेंबर-ऑक्टोबर : रात्रीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागले की कुंड्या आत घ्या. पहिल्या हिमकणांची वाट पाहू नका. आत आणण्यापूर्वी पानांच्या खालच्या बाजूही पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, नाहीतर पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी पाहुणे म्हणून येतात आणि घर गरम असल्याने चांगले फोफावतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : डिसेंबरच्या शेवटी मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो, इथे जेमतेम ९ तासांचा. म्हणून दक्षिणेकडची खिडकी कढीपत्त्याला द्या. तशी नसेल तर एलईडी दिवा रोज १२ ते १४ तास लावा. हीटरच्या झरोक्यासमोर कुंडी नको. बोट दोन पेरे मातीत घालून बघा. कोरडे लागले तरच पाणी. खत बंद. पाने गळली तर खोड नखाने हळूच खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, त्याला झोपू द्या.

तुळशीचे वेगळे. ती अशी झोपत नाही. तिला थंडी सोसत नाही आणि अंधारही. कार्तिकात तिचे लग्न लागते तेव्हा इथे नवरी घरातच असते! एरवी मंजिऱ्या खुडत राहाव्यात, पण दोन-चार झाडावर वाळू द्या आणि बी कागदाच्या पाकिटात ठेवा. मार्चमध्ये ओल्या मातीवर नुसते भुरभुरा, वर जाड थर नको. उबेला ठेवले की आठवडा-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. जुनी तुळस गेली तरी घर तुळशीवाचून राहत नाही.

मे ते ऑगस्ट : रात्री उबदार झाल्या की कुंड्या बाहेर. पण आठ-दहा दिवस आधी सावलीत ठेवा, एकदम उन्हात नेल्यास पाने करपतात. आता भरपूर पाणी आणि खत. आईकडचा आंबट ताकाचा उपाय करायचा असल्यास याच दिवसांत, अंगणात करावा. घरात केल्यास पाहुणे येईनासे होतात.

एक कळकळीची सूचना. भारतातून कढीपत्त्याची पाने किंवा रोप बॅगेत आणू नका, त्याला मनाई आहे. फ्लॉरिडातल्या, टेक्ससमधल्या नातेवाइकांकडून रोप आणणेही टाळा. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारा एक बारीक किडा कढीपत्त्यावर आवडीने वाढतो. तो १९९८ मध्ये फ्लॉरिडात सापडला आणि २००५ मध्ये तिथे रोगही आढळला. संत्र्यांच्या बागांचे त्यात अतोनात नुकसान झाले. आपल्या फोडणीपायी कुणाची बाग जायला नको. रोप आपल्या भागातच मिळवा.

आमचा दुसरा कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो. दर हिवाळ्यात पाने गाळतो, दर एप्रिलमध्ये फुटतो. त्याच्या मुळांतून फुटलेली चार रोपे मे महिन्यापर्यंत तयार होतील. हवी असतील त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात मला भेटावे. मोबदला काही नको. फक्त एवढेच : जानेवारीत पाने गळली तर आधी मला फोन करा, कुंडी नंतर रिकामी करा.