रुई, कुटार आणि सागाचा भुसा

यवतमाळ जिल्ह्यात चैत्र सरता सरता उन्हाचा अंमल असा बसतो, की पारा ४४-४५ अंशांवर गेल्याची वार्ता कोणी वार्ता म्हणून सांगतही नाही; आणि अशा मुलखात, जिथे घरांवरची कवेलू उतरून त्यांच्या जागी टिनाचे पत्रे चढले, तिथे पत्र्याखाली काय घातले असता घर कमी तापेल हा प्रश्न मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकवावा लागत नाही. घाटंजी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या नववीच्या वर्गाने विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला, आणि त्या प्रयोगाची जुळवाजुळव चालली असता तिथे बसून पाहण्याचा योग मला आला. खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी पाहून विटलेल्या माणसाला हा मोठाच दिलासा होता.

जिन्नस सारे पंचक्रोशीतलेच होते: जिनिंगमधून सरकी वेगळी केलेली रुई, खळ्यावरचे तुरीचे कुटार, आरागिरणीतला सागाचा भुसा, एका जुन्या घोंगडीचे तुकडे. मुलांच्या हिशेबी प्रयोग इथेच संपत आला होता. प्रत्येक पेल्याभोवती एकेक जिन्नस लावावा, ऊन पाणी ओतावे आणि कोणते उशिरा निवते ते पाहावे, इतकेच काय ते उरले होते. गुरुजींनी मात्र शांतपणे विचारले, “कुटार पेल्याला गुंडाळणार कसे?” त्या एका प्रश्नातून मांडणीचा सारा बंदोबस्त निघाला. एकाच मापाचे स्टीलचे पेले, प्रत्येक पेला एकाच मापाच्या पत्र्याच्या डब्यात, भोवती दोन बोटांची पोकळी, बुडाखालीही तितकाच थर, आणि वर तापमापीपुरते भोक पाडलेले एकसारखे लाकडी झाकण. झाकणाविषयी गुरुजी विशेष कटाक्षाने बोलले, कारण पेला वरून उघडा राहिला तर बहुतेक उष्णता वाफेवाटे निघून जाते आणि मग भोवती रुई असो वा भुसा, सारे सारखेच ठरतात.

खरी अडचण पुढे आली. पोकळीत रुई भरायची ती किती? एका मुलीने सांगितले, “मावेल तेवढी,” आणि दोन्ही अंगठ्यांनी ती दाबू लागली. ज्या जिल्ह्यात प्रेसिंगमध्ये रुई दाबून तिच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, तिथल्या मुलीला दाबणे म्हणजेच नीट भरणे वाटावे, हे स्वाभाविकच होते. परंतु उष्णता अडविण्याचे काम रुईचा तंतू करतो त्याहून कितीतरी अधिक त्या तंतूंत अडकून निश्चल झालेली हवा करते. रुई दाबली की हवा निघून जाते आणि तिच्याबरोबर तिचा गुणही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे बव्हेरियाच्या दरबारी काउंट रम्फर्ड झालेल्या बेंजामिन थॉम्सनने १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तापमापीचा फुगा काचेच्या आवरणात बसवून मधल्या जागेत लोकर, कापूस, रेशीम, सशाची लव असे पदार्थ आळीपाळीने भरले आणि प्रत्येक वेळी निवण्याचा अवधी मोजला, तेव्हा त्यालाही अडकलेल्या हवेचेच महत्त्व दिसले. आपल्याकडचा पिंजारी मात्र हे कोणत्याही प्रबंधावाचून जाणतो. हिवाळ्याच्या तोंडाशी दबून गेलेली गादी उसवून तो कापूस पिंजतो, तेव्हा कापसात गुंजभरही भर पडत नाही, पडते ती हवेची.

त्यातून एक वाद निघाला, जो मला प्रयोगापेक्षाही मोलाचा वाटला: तुलना समान जाडीची करावी की समान वजनाची? समान वजनाचा भुसा घेतला तर तो पोकळीच्या तळाशी बसतो आणि रुई मात्र काठापर्यंत फुगते. पत्र्याखाली जागा किती आहे हे विचारणाऱ्याला जाडी हवी. आढ्यावर भार किती पडेल हे विचारणाऱ्याला वजन. प्रश्न दोन आहेत, तेव्हा उत्तरेही दोन येणार. वर्गाने जाडी पत्करली आणि तशी वहीत नोंद केली. एक डबा गुरुजींनी रिकामाच ठेवायला लावला. मुलांना ती जागेची नासाडी वाटली.

मग मागच्या बाकावरून एक सूचना आली. “गुरुजी, पोतं ओलं करून लावलं तं?”

वर्ग हसला. सूचना मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, कारण त्या मुलाच्या घरी माठाला ओले फडके असते, आणि विदर्भातल्या कोरड्या उन्हात त्याचा प्रताप कोणी नाकारू शकत नाही. ओले पोते उष्णता अडवीत नाही, ते तिला खर्ची घालते: एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात, तर एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८०. उलट पोत्याच्या छिद्रांतील हवेची जागा पाण्याने घेतली, की रोधक म्हणून ते निकामीच होते. स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सुलभतेने पाणी उष्णता वाहून नेते. म्हणून या प्रयोगात सारे जिन्नस कोरडे असावेत असा दंडक ठरला आणि ओल्या पोत्याचा मुकदमा उन्हाळ्यापर्यंत तहकूब झाला.

प्रत्यक्ष मोजणी पौषातल्या गार सकाळी झाली, कारण पाणी आणि भोवतालची हवा यांत अंतर जितके मोठे, तितका जिन्नसांतला फरक ठळक दिसतो. पहिल्या पेल्यात पाणी ओतून शेवटच्यापर्यंत जाईतो पहिला निवू लागतो, सबब घड्याळ सर्वांचे एकदम सुरू न करता ज्याचे पाणी ७० अंशांवर उतरेल त्याचे तेव्हा सुरू करायचे ठरले. सैल रुई बिनतक्रार पुढे राहिली. कुटार आणि भुसा यांत एकदा हा तर एकदा तो सरस ठरला. डबे अदलाबदल केल्यावर क्रमही बदलला, तेव्हा दोघांत निवाडा न करणेच प्रामाणिक होते. रिकामा डबा भुशाच्या फारसा मागे नव्हता, याचे मात्र सर्वांनाच नवल वाटले.

प्रदर्शनात तक्त्यापुढे एक वयस्क शेतकरी बराच वेळ उभे होते. त्यांनी रुईचा आकडा वाचला, कुटाराचा वाचला, आणि रुई दाबणाऱ्या त्या मुलीला विचारले, “बाई, रुई पत्र्याखाली घालाची कोनाची ऐपत? आन् कुटार घातलं, तं ढोरं काय खातीन?” तक्त्यात किमतीचा रकाना नव्हता. सागाच्या भुशाचा भाव आरागिरणीत विचारून येण्याचे काम दुसऱ्या दिवशी दोघांकडे सोपविण्यात आले, आणि भुशाला उधळी किती लवकर लागते हेही तिथेच विचारा, असे गुरुजींनी त्यांना बजावले.