पिंपळपानावरील चित्रकला

पिंपळवृक्षाखाली तथागतांना सम्यक संबोधी प्राप्त झाली, म्हणून हा आपला बोधिवृक्ष. शिशिर सरत आला की त्याची पाने गळतात आणि झाडलोटीत कचऱ्यात जातात. याच पानांवर सुंदर चित्रे काढता येतात. विद्यार्थ्यांना ही कला साधावी म्हणून तिची कृती आम्ही येथे देत आहोत.

ही कला नवी नाही. चीनमध्ये १८व्या-१९व्या शतकांत बोधिवृक्षाच्या जाळीदार पानांवर अर्हतांची चित्रे रंगवून त्यांचे संच केले जात. आपल्याकडील 'भारतरत्न' पदकालाही पिंपळपानाचाच आकार आहे. १९९० साली हा सन्मान परमपूज्य बाबासाहेबांना मरणोत्तर देण्यात आला, हे आपण जाणताच.

पुस्तकात ठेवले की पानाला जाळी पडते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पुस्तकात पान नुसते वाळते. जाळी पडण्यासाठी ते पाण्यात कुजावे लागते. साचलेल्या पाण्यातील जीवाणू पानाचा मऊ गर खातात. शिरा चिवट असल्याने टिकून राहतात.

त्यासाठी नुकतीच गळलेली, न फाटलेली, पक्व पाने वेचावीत. पसरट भांड्यात ती पाण्यात बुडवून वर बशी ठेवावी. डासांची पैदास होऊ नये म्हणून भांड्याचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. दोन ते चार आठवड्यांत गर सुटू लागतो. मग पान ताटलीतल्या पाण्यात ठेवून जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासावे. टोक फार नाजूक असते, तेथे बोटानेच गर काढावा. पान धुऊन कोऱ्या कागदांत वजनाखाली वाळवावे. काही जण घाईपोटी पाने कॉस्टिक सोड्यात उकळतात. त्याने त्वचा व डोळे भाजतात. मुलांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

जाळीतून रंग झिरपतो. म्हणून चित्राच्या जागेवर पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर बारीक ब्रशने घट्टसर पोस्टर रंग भरावेत. कमळ, धम्मचक्र, सांचीचा स्तूप हे विषय सोपे आहेत. कडेची जाळी मोकळी ठेवल्यास पानाची शोभा कायम राहते.

चित्रासाठी झाडावरचे पान तोडू नये. बुद्धगयेलाही उपासक गळलेलीच पाने श्रद्धेने वेचतात.

चित्रकलेची आवड असूनही महागडे साहित्य परवडत नाही, म्हणून आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलांचा हात थांबतो. पिंपळपानाला मात्र मोल पडत नाही. फाल्गुनात भिजवलेले पान वैशाख पौर्णिमेपर्यंत चित्रासह तयार होते. यंदा प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एक तरी शुभेच्छापत्र करावे आणि पालकांनी त्याला चार रंगांच्या बाटल्या आणून द्याव्यात, एवढीच आमची विनंती.