नोंद कोठे चुकते?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा हा कामगार संघटनेचा माणूस कंत्राटी पद्धतीवर किंवा किमान वेतनावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. संगणकावरील नोंदी व त्यांत होणारे घोटाळे हा विषय मी सांगितला तेव्हा ते थोडे चकित झाले. हा विषय इंजिनिअरांचा, असा आपल्याकडे समज आहे. मी इंजिनिअर नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण धाटावच्या कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तथापि पूर्वी कामगार माझ्याकडे येई तो "मालकाने पैसे दिले नाहीत" असे सांगत, आता तो येतो आणि सांगतो, "साहेब, पैसे आहेत, पण कॉम्प्युटर देत नाही." ही दुसरी तक्रार समजून घेतल्याशिवाय माझे काम चालेना, म्हणून मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे शास्त्र शिकावयास बसलो. पुढे आमच्या संघटनेची सभासद-नोंदवही मी स्वतःच वेबवर उभी केली. तीत ज्या चुका झाल्या त्याच आज सांगणार आहे, कारण त्याच चुका मोठमोठ्या कचेऱ्यांतही होतात.

प्रथम ह्या यंत्रणेचे स्वरूप पाहू. तहसील कचेरीत आपण जातो तेव्हा समोर खिडकी असते, खिडकीमागे कारकून असतो आणि कारकुनामागे दप्तरखाना असतो. आपण दप्तरखान्यात जात नाही. अर्ज खिडकीत देतो, कारकून दप्तर पाहतो व उत्तर आणून देतो. वेबवरील व्यवहारही असाच आहे. आपल्या मोबाइलवर दिसते ती खिडकी. दूर कोठे तरी सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम हा कारकून. आणि त्याच्यामागे जे दप्तर असते त्याला डेटाबेस म्हणतात. खिडकी कितीही सुबक असली तरी दप्तर नीट लावलेले नसेल, तर कारकून काय करणार?

दप्तर नीट लावणे म्हणजे काय, हे आपल्या रायगडातील शेतकऱ्याला शिकवावे लागू नये. सातबारा हा मुळात एक कागद नव्हे. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरचे हक्क असतात, गाव नमुना १२ मध्ये पिके असतात, आणि गट नंबराच्या आधाराने त्या दोहोंची जोड करून आपल्या हातात उतारा पडतो. खातेदाराच्या नावे गावात एकंदर किती जमीन आहे ते पाहावयाचे तर ८-अ. आणि कोणता बदल कधी व कशाच्या आधारे झाला, ते नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. एडगर कॉड नावाच्या, मूळच्या इंग्लंडातल्या गणितज्ञाने अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत असताना १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवावी आणि खुणेच्या क्रमांकांनी त्या तक्त्यांची जोड करावी, असे त्याने मांडले. आजचे बहुसंख्य डेटाबेस ह्याच विचारावर उभे आहेत. आपले तलाठी दप्तर ह्या विचाराच्या किती जवळ होते, हे मी वाचले तेव्हा मला गंमत वाटली.

आता चुकांकडे येतो. पहिली आणि सर्वांत महाग चूक म्हणजे माणसाला नावाने ओळखणे. पेण तालुक्यात म्हात्रे, पाटील, ठाकूर किती आहेत ते आपणांस ठाऊकच आहे. एकाच कारखान्यात एकाच नावाचे, बापाचेही नाव तेच असलेले, दोन इसम मी पाहिले आहेत. ह्याच्या उलट एकच माणूस तीन ठिकाणी तीन नावांनी असतो. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायांची माहेरची व सासरची नावे वेगळी. इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी एक 'ए' घालतो, कोणी दोन. माणूस एकच, पण यंत्राच्या लेखी तिघे निराळे.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. त्यात कितीतरी वर्षे नोकरी बदलली की खाते क्रमांक नवा मिळे आणि जुने पैसे जुन्या क्रमांकावर पडून राहत. २०१४ साली यू.ए.एन. हा जन्मभराचा एकच क्रमांक आला, ही सुधारणा खरोखर चांगली. परंतु तो क्रमांक आधारशी जोडताना दोन्हीकडचे नाव व जन्मतारीख जुळली पाहिजे, आणि जुन्या पगारपत्रकात कंत्राटदाराच्या कारकुनाने मनाला येईल ती तारीख टाकलेली! २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत सरकारने निधीतून उचल घेण्याची सवलत दिली, तेव्हा घरात धान्य नसलेली माणसे एका अक्षराच्या फरकापायी अडकून पडलेली मी पाहिली.

उपाय असा की, नोंदवहीत प्रत्येक माणसाला एक अर्थहीन क्रमांक द्यावयाचा. अर्थहीन म्हणजे ज्यात गाव, जात, जन्मसाल, कारखाना यांपैकी काहीही दडलेले नाही असा. ज्या क्रमांकात अर्थ असतो तो अर्थ बदलला की क्रमांक बदलावा लागतो. नाव ही बदलू शकणारी माहिती आहे, असे धरून ते एकाच ठिकाणी लिहावयाचे. वर्गणी, हजेरी, पत्ता ह्या सर्व तक्त्यांत फक्त तो क्रमांक. मग लग्नानंतर नाव बदलले तर एका जागी दुरुस्ती केली की पुरे. आम्ही आरंभी प्रत्येक पावतीवर नाव पुन्हा पुन्हा साठविले होते. ते निस्तरण्यात एक पावसाळा गेला.

दुसरी चूक सांगताना मला अजूनही लाज वाटते. आमचे एक कार्यालय पेणला व एक रोह्याला आहे. सभासद वारला तर त्याने नेमलेल्या वारसाला साहाय्य निधीतून रक्कम द्यावयाची, असा आमचा नियम आहे. एका सभासदाने लग्नानंतर रोह्याला येऊन वारस म्हणून भावाच्या जागी पत्नीचे नाव लावून घेतले. त्याच सकाळी पेणच्या कार्यकर्त्याने त्याच सभासदाचे पान आधीच उघडून ठेवले होते. त्याला फक्त पत्ता बदलावयाचा होता. रोह्याची दुरुस्ती जतन झाली, आणि थोड्या वेळाने पेणच्याने आपले पान जतन केले. त्या पानावर पत्ता नवा होता, पण वारस जुनाच होता. यंत्राने आज्ञाधारकपणे सगळे पान लिहून टाकले. कोणीही खोटे केले नाही, आणि तरीही पत्नीचे नाव पुसले गेले. पुढे दीड वर्षाने तो सभासद अपघातात गेला. चेक भावाच्या नावे तयार झाला, आणि ती बाई तर आमच्यासमोर बाकावर बसलेली. तिचा कागदी अर्ज शोधण्यात तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे तिने उसनवारीवर काढले.

असे का झाले? जुन्या काळी नोंदवही एकच असे. एकाने ती उघडली की दुसऱ्याला थांबणे भाग पडे. वेबवर तसे नाही. तुमच्या पडद्यावर दिसते ती नोंदवही नसून तिच्या पानाची नक्कल असते, आणि अशा नकला एकाच वेळी दहा जणांच्या हाती असू शकतात. जो शेवटी परत करील त्याचे खरे! एक उपाय म्हणजे पान उघडणाऱ्याने ते कुलूपबंद करावे. पण पेणचा कार्यकर्ता पान उघडून जेवावयास गेला तर रोह्याने काय करावे? म्हणून दुसरा उपाय बरा. प्रत्येक नोंदीला एक आवृत्ती क्रमांक ठेवावयाचा. पान उघडताना तो सात असेल, तर जतन करताना डेटाबेसला सांगावयाचे की, "क्रमांक अजून सातच असेल तरच लिही, आणि त्याचा आठ कर." मध्ये कोणी बदल केला असेल तर क्रमांक आठ झालेला असतो, लिहिणे नाकारले जाते, आणि कार्यकर्त्याला "पान पुन्हा पाहा" अशी सूचना मिळते. काम दोन ओळींचे. त्याचबरोबर आम्ही फेरफाराची वही घातली : कोणी, केव्हा, काय होते, काय केले. तीत फक्त भर पडते. खोडता येत नाही.

वर्गणीच्या बाबतीत निराळीच गंमत झाली. नेट मंद असले की माणूस तेच बटण दोनदा दाबतो, आणि दोन पावत्या फाटतात. पावतीचा क्रमांक पान उघडतानाच ठरवून, तो क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसने नाकारावा, अशी व्यवस्था केली की हे थांबते. पावती लिहिली गेली आणि शिल्लक वाढण्यापूर्वी वीज गेली, तर? त्यासाठी डेटाबेसमध्ये व्यवहार बांधण्याची सोय असते : दोन्ही झाले तर झाले, नाही तर एकही झाले नाही. ही सोय आयती असते, ती वापरावयाची मात्र आठवण लागते.

कुंडलिका समुद्राला मिळते तेथे कोर्लई आहे. तिकडचा एक ख्रिस्ती तरुण आमचा सभासद झाला. त्याचे डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वर एक टिंबासारखी खूण येते. ती खूण टाकली की आमचा प्रोग्राम बंद पडे. मी दोन दिवस त्या बिचाऱ्याच्या आडनावाला दोष दिला. दोष माझा होता. डेटाबेसला जो प्रश्न विचारावयाचा, त्यात मी लोकांनी भरलेला मजकूर सरळ चिकटवीत होतो, आणि ती खूण म्हणजे डेटाबेसच्या भाषेत "मजकूर येथे संपला" असा इशारा. म्हणजे पुढे कोणी लबाडाने नावाच्या जागी आज्ञाच लिहिली असती, तर डेटाबेसने ती पाळली असती; सगळी यादी पुसली असती किंवा त्याच्या स्वाधीन केली असती. चेकवर आकड्याच्या आधी जागा मोकळी सोडावी, तसला हा प्रकार. प्रश्न आधी वेगळा पाठवावा व भरलेला मजकूर मागाहून वेगळा द्यावा, म्हणजे मजकुराकडे मजकूर म्हणूनच पाहिले जाते. ही पद्धत प्रत्येक प्रचलित भाषेत आहे. त्या तरुणाचे मी आभार मानले. त्याला कशाबद्दल ते कळले नाही.

मराठीचे दुखणे वेगळेच. जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर वस्तुतः इंग्रजी अक्षरांचाच असे, फक्त दिसावयास देवनागरी. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण खिडकी, कारकून आणि दप्तर ह्या तिघांनीही युनिकोड मानले पाहिजे. एकाने मानले नाही तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि एकदा प्रश्नचिन्हे साठविली गेली की मूळ नाव त्यांतून परत काढता येत नाही. त्यातून 'कऱ्हाडे' ह्या आडनावातला 'ऱ्ह' दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न. शोधावयास जावे तो माणूस सापडत नाही. जतन करतानाच सर्व नावे एका रूपात आणावीत, हा त्यावर तोडगा.

मंदपणाबद्दल थोडक्यात. आमची यादी उघडावयास मिनिट लागे. तपास केला तो प्रोग्राम प्रत्येक सभासदाची वर्गणी विचारण्यासाठी दप्तरखान्यात स्वतंत्र खेप घालीत होता. सगळ्यांची वर्गणी एकाच खेपेत आणावयास सांगितल्यावर यादी पापणी लवते न लवते तोच येऊ लागली. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी डेटाबेसलाही सूची करून देता येते. ज्या रकान्यावर आपण वारंवार शोध घेतो त्यावर ती असावी. उगाच प्रत्येक रकान्यावर नको, कारण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक सूचीही लिहावी लागते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्या दिवशी आमच्या रोह्याच्या कार्यालयाचे पत्रे उडाले. तेव्हा नोंदवहीचे यंत्र आम्ही तेथेच ठेवीत असू. ते भिजले. प्रत होती; पण त्याच खोलीतल्या कपाटात, म्हणून तीही भिजली. पेणला एक जुनी प्रत निघाली, ती उघडून पाहिली तो अर्धी. ती नीट घेतली गेली आहे की नाही हे कोणी कधी तपासलेच नव्हते. आता प्रत दुसऱ्या गावी जाते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती निराळ्या यंत्रावर उभी करून दहा सभासदांची पाने कागदाशी ताडून पाहतो. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते मी कोणावर सोपवीत नाही.

एवढे करूनही एक चूक राहते, ती म्हणजे यंत्रणा निर्दोष आणि नोंद खोटी. क्रमांक बरोबर, आवृत्ती बरोबर, पण जन्मतारीखच चुकीची. ती चूक यंत्राला दिसणे शक्य नाही. ज्याची नोंद आहे त्यालाच ती दिसते. सातबारे संगणकावर चढविल्यावर २०१७ साली राज्यात गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातला उतारा लोकांसमोर वाचावयाचा आणि हरकती घ्यावयाच्या. ती कल्पना आम्ही उचलली. गणपतीचा हंगाम संपला की जोह्याला एका कारखान्याच्या मांडवात आणि पुढच्या आठवड्यात धाटावला फाटकाबाहेर आमची यादी मोठ्याने वाचली जाते : नाव, कामाला लागल्याची तारीख, वारस. वारसाचे नाव चारचौघांत नको असेल त्याला ते कागदावर दाखवितो. आखणी करणारी एक वृद्ध कारागीर बाई दर वेळी स्वतःचे पान दोनदा वाचावयास लावते. गेल्या वाचनात सत्तावीस दुरुस्त्या निघाल्या. त्यांतल्या चार माझ्या हातच्या होत्या.