बाळाची मूठ कधी उघडते? चार महिन्यांनंतरही घट्ट असेल तर दाखवून घ्या

नाशिक : बाळाचे हात जन्मानंतर हलायला लागतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ही तयारी पोटातच सुरू होते. तिसरा महिना संपेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात. पुढे बाळ हात तोंडाकडे नेतं, अंगठा चोखतं. सोनोग्राफीत हे दिसतं. आईला हालचाल जाणवते ती साधारण पाचव्या महिन्यात.

जन्मल्यावर तळहाताला बोट लावलं की बाळ ते घट्ट पकडतं. ही पकड आपोआप होते, बाळाच्या मनावर नसते. मेंदू तयार होतो तशी ती सुटत जाते आणि बाळ स्वतःहून वस्तू धरायला शिकतं.

साधारण वेळापत्रक असं :

▪ ३ ते ४ महिने : मूठ उघडी, मान सावरते
▪ ५ महिने : खुळखुळ्याकडे हात नेतं
▪ ६ ते ७ महिने : वस्तू या हातातून त्या हातात घेतं
▪ ९ ते १० महिने : अंगठा आणि बोटाच्या चिमटीत बारीक वस्तू उचलतं
▪ १२ ते १८ महिने : चालू लागतं

थोडं मागेपुढे चालतं. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर वयातून दोन महिने वजा करून बघा.

चिमूट जमली की सापडेल ते तोंडात जातं. आपल्याकडे द्राक्षं, शेंगदाणे घरोघरी असतात. अख्खं द्राक्ष किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. त्याऐवजी मऊ भाताची शितं ठेवा. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार काप करून, समोर बसून द्या.

शेतात कामाला जाताना बाळ दिवसभर झोळीत राहतं. जागं असताना, कुणी जवळ असेल तेव्हा, थोडा वेळ गोधडीवर पालथं घाला. त्यानं मान, खांदे, हात बळकट होतात.

वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल, तर 'डावखुरं असेल' म्हणून सोडून देऊ नका. दुसरा हात कमजोर असू शकतो. चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्या, अंग कडक किंवा फार सैल वाटलं, तरी आशाताईंना सांगा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मोफत तपासणी करतं आणि गरज पडल्यास पुढच्या उपचारासाठी पाठवतं. पथकाची वाट बघत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातही दाखवता येतं. लवकर व्यायाम सुरू झाला तर फरक जास्त पडतो.