परक्या अणूचा वेगळा ताल

अंगठीतला हिरा तुम्हाला अगदी निश्चल दिसतो. पण त्यातला एकही अणू स्वस्थ बसलेला नसतो! स्फटिकातील अणू ठरावीक अंतरांवर मांडलेले असतात आणि जणू स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक हलला की शेजारी हलतो, मग त्याचा शेजारी. अशी कंपनांची लाट स्फटिकभर पसरते.

या ओळीत एखादा परका अणू शिरला तर काय होईल? आपण सिलिकॉनचे उदाहरण घेऊ. ट्रान्झिस्टर आणि सौर घट ज्याचे बनतात तोच हा सिलिकॉन. वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक वाढवताना भट्टीतल्या ग्रॅफाइटच्या भागांतून थोडा कार्बन त्यात येतो. कार्बनची संयुजा सिलिकॉनइतकीच, म्हणजे चार. म्हणून तो सिलिकॉनच्या जागी बिनबोभाट बसतो. मोठा फरक वजनाचा. सिलिकॉनचा अणुभार २८, तर कार्बनचा १२.

स्प्रिंगला जड वजन टांगले तर ते सावकाश हेलकावे घेते, हलके टांगले तर भरभर नाचते. कार्बनचेही तसेच होते. शुद्ध सिलिकॉनमधले सर्वांत जलद कंपन सेकंदाला सुमारे १५.६ लाख कोटी वेळा होते. कार्बनचा अणू मात्र सुमारे १८.२ लाख कोटी वेळा कंप पावतो.

आता गंमत पाहा. जड झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले तर तो उंच जातो. पण हात फार भराभर मागेपुढे केलात तर तो जागच्या जागी जेमतेम थरथरतो. सिलिकॉनच्या अणूंचीही हीच गत. कार्बनच्या ताबडतोब तालाला त्यांना साथ देता येत नाही. त्यामुळे हे कंपन लाट होऊन दूर जातच नाही. कार्बन आणि त्याचे जवळचे शेजारी एवढ्यातच ते अडकून राहते. याला ‘स्थानिक कंपन’ म्हणतात. (परका अणू जड असेल तर त्याचा ताल संथ असतो, तो स्फटिकाला पेलतो आणि कंपन सगळीकडे वाटले जाते.)

हा ताल फार उपयोगी पडतो. १६.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांची कंप्रता नेमकी एवढीच असते. ते किरण सिलिकॉनच्या चकतीतून सोडले की कार्बनचे अणू ते शोषून घेतात. जितके शोषण जास्त, तितका कार्बन जास्त! शुद्ध सिलिकॉनही तिथे थोडे किरण शोषते, म्हणून तेवढे वजा करावे लागते. दहा लाख अणूंत कार्बनचा एक असला, तरी चकती न फोडता तो असा सापडतो.

परका अणू दूरवरून येणाऱ्या लाटांनाही अडथळा करतो. हिऱ्यातून उष्णता मुख्यतः अशा लाटांच्या रूपानेच वाहते, आणि तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली वाहते. नैसर्गिक हिऱ्यात शंभरांत सुमारे एक अणू कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्याच थोड्या जड समस्थानिकाचा असतो. रासायनिकदृष्ट्या तो मुळीच परका नाही. पण १९९० साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कार्बन-१३ चे प्रमाण हजारांत एक इतके खाली आणून हिरा बनवला, तेव्हा नेहमीच्या तापमानाला त्याची उष्णतावाहकता जवळजवळ दीडपट भरली!