पानावरचा प्रत्येक डाग करपा नव्हे

कसाल परिसरात भातकापणीनंतर परसात हौसेने बटाटा लावला आणि पानांवर तपकिरी डाग दिसले, की सल्ला ठरलेला : करपा आला, बोर्डो मारा. पोफळीच्या कोळेरोगावर 1 टक्का बोर्डो, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी, ही इथल्या बागायतदारांच्या हातची गोष्ट. बटाट्याचा उशिरा येणारा करपाही कोळेरोगाच्याच फायटोफ्थोरा कुळातला, त्यामुळे सल्ला पटतो. पण 1845 मध्ये आयर्लंडमधली बटाट्याची शेतं ज्याने कुजवली, तो हा करपा थंड, दमट हवेत फोफावतो. त्यात पानांच्या कडा भिजल्यासारख्या काळपट होतात आणि पहाटे पानाखाली पांढरी बुरशी दिसते. कसालला हिवाळ्यातही दुपारी ऊन तापतं. अशा उबदार हवेत लवकर येणाऱ्या करप्याची शक्यता अधिक. तो आधी खालच्या जुन्या पानांवर येतो, डाग कोरडे असतात आणि त्यांत एकात एक वर्तुळं दिसतात.

कोणी म्हणेल, बोर्डो दोन्ही करप्यांवर चालतं, मग ओळखायची उठाठेव कशाला? चालतं हे खरं, पण ते निरोगी पानाचं रक्षण करतं. पडलेला डाग भरून काढत नाही. शिवाय दुखणं करप्याचं नसेल तर फवारा फुकट जातो. कोकणात वांग्याला छळणारा जिवाणूजन्य मर रोग बटाट्यालाही होतो. पानं हिरवी असतानाच झाड माना टाकतं आणि लोक पाणी वाढवतात, जे ओल्या जमिनीत रोगाच्याच पथ्यावर पडतं. अशा झाडाचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरावा. थोड्या वेळात दुधाळ धागे उतरले तर तो मर रोग. त्यावर कुठलंही बुरशीनाशक उपयोगाचं नाही. झाड मुळांसकट उपटून जाळावं, खताच्या खड्ड्यात टाकू नये. पानं वर वळून कडक झाली किंवा हिरव्या-पिवळ्या छटांनी चितारली, तर बहुधा विषाणू. तो मावा पसरवतो आणि बियाण्यातूनही येतो. म्हणूनच बाजारातला कोंब आलेला बटाटा लावण्यात धोका आहे. प्रमाणित बियाणं महाग वाटलं तरी घ्यावं.

करप्यावर घरच्या वाफ्यात पहिला उपाय साधा आहे : डागाळलेली खालची पानं काढावीत, पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं, वांगी, टोमॅटो, मिरचीच्या जागी बटाटा लावू नये. त्यानंतरही डाग वर चढले तर बोर्डो जरूर फवारावं, पानांच्या खालच्या बाजूनेही. आणि नक्की काय आहे ते कळत नसेल, तर पंप भरण्याआधी रोगट फांदी पिशवीत घालून किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.