पक्ष्याच्या पायातले कडे

भाद्रपद सरत येतो, सोयाबीन पिवळे पडू लागते, आणि माळव्यातल्या कुरणांत पाहुणे उतरू लागतात. शेपूट सारखी वरखाली हलवीत ढेकळांतून धावणारा परीट लहान मुलेही ओळखतात. भोरड्यांचे थवे त्याच्याही आधी येतात. पीक तयार झाले की भारीट येतात. हे पाखरू येते कोठून आणि जाते कोठे, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी पायात कडे घालावे लागते. असे कडे आपल्यापैकी कोणाच्या बांधावरही सापडू शकते, म्हणून हे चार शब्द.

ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने सुरू केली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने, १८९९ साली. त्याने साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक व पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. आपल्या देशात या कामाचा आरंभ इंदूरच्या शेजारी, धार संस्थानात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सहकार्याने १९२६-२७ च्या सुमारास तेथे रानबदकांना कडी घातली गेली.

लहान पक्ष्यांवर मोठे काम झाले ते डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली, १९५९-६० पासून. त्याला पैसा मिळाला तो आरोग्याच्या कारणाने. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली व माणसांना ताप येऊ लागला. त्या तापाचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर रोग आणतात काय, अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेला आली. पक्षी पकडून तपासले गेले, पण त्यांनीच हा रोग आणला असा पुरावा मिळाला नाही. पक्ष्यांच्या वाटांची माहिती मात्र पुष्कळ हाती आली.

कडे घालण्याची रीत अशी. पहाटे कुरणाच्या कडेला दोन बांबूंमध्ये केसासारखी बारीक जाळी ताणतात. ती पाखराला दिसत नाही. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून अडकलेला पक्षी अलगद सोडवतात व कापडी पिशवीत ठेवतात. उन्हात लोंबत राहिला तर तो दगावेल. मग पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडून खास चिमट्याने बंद करतात, पंख मोजतात, वजन घेतात आणि सोडून देतात. बोरूत राहणाऱ्या वटवट्याचे वजन जेमतेम १०-१२ ग्रॅम, आणि तो थेट रशिया-फिनलंडकडून आलेला असतो! हे काम परवानगीवाचून कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्षी पकडणे हा गुन्हा आहे.

हजार कड्यांतून मोजकीच परत कळतात. म्हणून ज्याला कडे सापडते त्या शेतकऱ्याचे पोस्टकार्ड फार मोलाचे. पण होते काय? कोणी ते ताईत म्हणून मुलाच्या गळ्यात बांधतो, कोणी पाखरू हेर समजून पोलिसांकडे नेतो. (कबुतराच्या पायातले कडे बहुधा शर्यतीवाल्याचे असते, हेही ध्यानात ठेवावे.) भोरडी ज्वारीवर पडते हे आम्ही नाकारत नाही. तिला हाकलावे. पण टोळ व नाकतोडेही तीच खाते.

जिवंत पक्षी सापडला तर कडे काढू नये. ओरबाडताना पाय मोडतो. त्यावरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरून घ्यावेत व पक्षी सोडावा. मेलेला असेल तर उघड्या हाताने शिवू नये. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात कावळे मरून पडले, ते बर्ड फ्ल्यूने, असे भोपाळच्या प्रयोगशाळेत ठरले होते. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून क्रमांक टिपावा व नंतर साबणाने हात धुवावेत. चार-सहा पक्षी एकदम मेलेले दिसले तर कोणी हात न लावता गुरांच्या दवाखान्यात कळवावे, आणि कोंबड्या त्या जागेपासून दूर कोंडाव्यात.

क्रमांकाबरोबर गावाचे नाव, जिल्हा, तारीख, पक्षी जिवंत की मेलेला, एवढे लिहून पाठवावे. पत्ता : बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, हॉर्नबिल हाउस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई ४०० ००१. मराठीत लिहिले तरी चालेल. आकडे मात्र कड्यावर असतील तसेच इंग्रजीत काढावेत.